दाणा, पाणी, पाऊस आणि वतन: सदा लढत्या सरहद्दीच्या कल्पित राज्याची पार्श्वभूमी

१६५९ ते १७०१ या बेचाळीस वर्षांत पन्हाळा सहा वेळा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेला. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, १६६० मध्ये सोडून द्यावा लागला, १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी परत मिळवला, १६८९ मध्ये मोगलांकडे गेला, १६९२ मध्ये मराठ्यांनी सोडवला आणि १७०१ मध्ये औरंगजेबाने पुन्हा घेतला. गडाच्या पायथ्याच्या खेड्यात त्या काळी पन्नास-साठ वर्षं जगलेल्या बाईने सारा नेमका कोणाला भरला? सरहद्दीवर सतत लढाई चालू असलेलं कल्पित राज्य ज्याला रचायचं आहे, मग ते कादंबरीसाठी असो, चित्रकथेसाठी असो की खेळासाठी, त्याने या बाईपासून सुरुवात करावी. राजवंशाची वंशावळ नंतर काढता येते. कोल्हापूरकरांना तर हा सगळा मालमसाला वीस किलोमीटरवर आहे.

अशा राज्याला दोन वर्षं असतात, एक पंचांगाचं आणि एक लढाईचं. लढाईचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. पाऊस उघडलेला, ओढ्यानाल्यांना उतार पडलेला, रानात गवत आलेलं, खरिपाचं पीक हाताशी. म्हणून सीमोल्लंघन. आज कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटलं जातं त्यामागे हे मोहिमेवर निघण्याचं वेळापत्रक आहे. वळवाचे ढग दिसू लागले की फौजा माघारी फिरत आणि घोडी छावणीला लागत. पावसाळ्याचे चार महिने सरहद्द आपोआप थंड होई. म्हणून जो सेनापती पावसातही वेढा उठवत नाही तो खरा धोक्याचा. १६६० मध्ये आदिलशाही सेनापती सिद्दी जौहरने हेच केलं. पन्हाळ्याला मार्चपासून घातलेला वेढा त्याने जुलैतही चालू ठेवला, शिपायांसाठी छपरं उभारली.

पाऊस काय करतो हे एकाच वाटेवर दोनदा दिसलं. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज निवडक मावळ्यांसह पन्हाळ्यावरून रात्री निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग अडवून धरल्यामुळे दुसऱ्या दिवशी विशाळगडावर पोचले. जून १७०२ मध्ये औरंगजेबाची फौज विशाळगड ताब्यात घेऊन उलट दिशेने, पन्हाळ्याकडे निघाली. तिला सुमारे पाच आठवडे लागले. वाट तीच आणि पाऊसही तोच. फरक ओझ्याचा. पायी चालणारा मावळा चिखलातून निघून जातो. तोफेचा गाडा, हत्ती, तंबू आणि बाजारबुणगे यांना ओढा उतरेपर्यंत काठावर बसून राहावं लागतं, आणि बसलेली फौज खातच असते.

त्या खाण्याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे, कारण बहुतेक कल्पित युद्धं इथेच खोटी पडतात. माणशी रोज पाऊण किलो धान्य धरलं तर हजार माणसांना महिन्याला साडेबावीस हजार किलो लागतं. चार महिन्यांच्या वेढ्याला नव्वद हजार किलो, म्हणजे नऊशे क्विंटल. हे नुसतं पोट भरण्यापुरतं. घोडं रोज दहा किलोच्या आसपास वैरण खातं, दाणा वेगळा. हजार घोड्यांची वैरण रोज दहा हजार किलो. बैलाच्या पाठीवर शंभर किलो टाकलं तर रोज शंभर बैल यायला हवेत, आणि बैल दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच चालतो आणि वाटेत स्वतःही खातो. म्हणून फौजेच्या मागे लमाणांचे तांडे असत आणि तांडा अडवला की फौज अडत असे. कल्पित राज्यात जादू असेल तर तिचा पहिला नियम दाण्यापाण्यापाशी ठरवावा. मंत्राने धान्य निर्माण होत असेल तर वेढा या प्रकारालाच अर्थ उरत नाही. होत नसेल तर कितीही मोठा मांत्रिक असला तरी त्यालाही तांड्याची वाट बघावी लागेल.

गडाच्या बाजूने हाच हिशेब पाहायचा तर पन्हाळ्याच्या अंबरखान्यात जाऊन उभं राहावं. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं. गंगा कोठी सर्वांत मोठी, तिच्यात पंचवीस हजार खंडी (धान्याचं जुनं मोठं माप) धान्य मावे असं सांगतात. भिंती जाड, उजेड जेमतेम. बाहेरच्या अंगाने जिना छपरावर जातो आणि छपराला गोल तोंडं ठेवली आहेत. धान्य वरून ओतायचं, खालून काढायचं. त्यामुळे जुनं आधी निघतं, नवं वर राहतं आणि भरताना कोठीचा दरवाजा उघडावा लागत नाही. कोठार बिघडतं ते ओलीने, उंदराने आणि आगीने. म्हणून दारूखाना धान्यापासून आणि राहत्या घरांपासून लांब ठेवायचा आणि वैरणीच्या गंज्याही अंतराने रचायच्या.

पाण्याचं शास्त्र त्याहून बारीक. कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या (शिवाजी महाराजांच्या नातवाच्या) काळात, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ हा राज्यकारभाराचा ग्रंथ लिहिला. गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत, हे त्यात आहेच. पण एका झऱ्यावर विसंबून राहू नये याचं त्यांनी दिलेलं कारण अनुभवाचं आहे: लढाईत तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून साठवणीची दोन-तीन टाकी राखायची आणि एरवी त्यांना हात लावायचा नाही. पन्हाळ्याची अंधारबाव याच विचारातली. विहीर तळाशी, वर इमारतीचे मजले, पहाऱ्याची जागा आणि तटाबाहेर निघायची वाट. उघड्या विहिरीत शत्रूचा एक माणूस विष टाकू शकतो. या विहिरीपर्यंत पोचायला आधी पहारा कापावा लागेल.

आज्ञापत्रातली आणखी एक गोष्ट: गडाला एकच दरवाजा हा मोठा दोष, आणि गडाजवळ तोफेच्या माऱ्यात येणारा दुसरा डोंगर असू नये. असेल तर सुरुंग लावून तो तोडावा, तोडता येत नसेल तर तटाने बांधून आपल्यात घ्यावा. पन्हाळ्याला असा डोंगर शेजारीच होता. १६६० च्या वेढ्यात राजापूरच्या वखारीचा इंग्रज प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला होता. १६७३ मध्ये पन्हाळा परत मिळाल्यावर त्या शेजारच्या डोंगरावर पावनगड उभा राहिला. असा जोडगड नकाशावर एकदा काढला की पाहणाऱ्याला कळतं, या लोकांनी मार खाल्लेला आहे आणि ते त्यातून शिकले आहेत. कल्पित राज्यातल्या प्रत्येक तटामागे अशी एक जुनी जखम असावी.

खेड्यांचं काय? फौज आपली असो की परकी, उभ्या पिकातून गेली की पीक जातं, वर घासदाणा, म्हणजे फौजेच्या घोड्यांसाठीची वसुली, मागितला जातो तो वेगळा. गाव एकदा बेचिराख झालं की वसवायला वर्षं लागतात. त्यासाठी कौल, म्हणजे सवलतीचं सरकारी वचन, दिला जाई. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी चढता, ठरल्या मुदतीनंतर पुरा. याला इस्तावा म्हणत. कौलाची मुदत भरायच्या आत दुसरी धाड आली तर रयत पुन्हा परागंदा होते आणि सरकारचा हिशेब पुन्हा पहिल्या वर्षावर येतो. म्हणजे सरहद्दीवरची जमीन कधीच पूर्ण सारा देत नाही. सरहद्दीचं राज्य कायम कडकीत असतं ते यामुळे. काही गावांत तर दुअंमल असे, दोन्ही राज्यांचे कारकून एकाच खळ्यावर येत.

धान्य लपवायचं तर पेव. जमिनीत उभा खड्डा, आतून गवताचा किंवा पाचटाचा थर, धान्य भरून तोंडाला फरशी, वर माती लिंपून सपाट. वरून गुरं चालली तरी पत्ता लागत नाही. जागा उंचवट्याची आणि निचऱ्याची हवी. पाझर लागला तर अख्खं पेव कुजतं. पेव उघडताना घाई केली तर माणूस जातो, कारण बंद धान्याने आतली हवा मारलेली असते. तोंड उघडून बराच वेळ तसंच ठेवायचं, मग दोरीने दिवा आत सोडायचा. दिवा विझला तर माणसाने उतरायचं नाही. कथेत दिवसभर लुटीची झडती चालू असताना एक बाई अंगणात त्याच फरशीवर चूल मांडून बसलेली दाखवता आली, तर सरहद्द म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता माणसं. शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत गडावर हवालदार (गडाचा मुख्य), सरनोबत (शिपायांचा मुख्य) आणि सबनीस (हिशेब पाहणारा) असे तीन अंमलदार असत आणि कोठारासाठी कारखानीस. एकट्याच्या मर्जीने गड शत्रूला देता येऊ नये हा हेतू. आज्ञापत्रातही अंमलदारांच्या ठरावीक मुदतीने बदल्या करायला सांगितलं आहे. फौजेला शक्यतो रोख पगार, जमीन तोडून द्यायची नाही. मोगल आक्रमणाच्या काळात हे सगळं ढासळलं. १६८९ नंतर खजिन्यात रोकड नव्हती, मुलूख शत्रूच्या ताब्यात होता आणि मोगलही मराठा सरदारांना वतनं, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काची उत्पन्नं, देऊ करत होते. मग राजाराम महाराजांना वतन आणि सरंजामाची (फौज राखण्यासाठी तोडून दिलेल्या मुलखाची) आश्वासनं द्यावी लागली, पुष्कळदा अजून जिंकायच्या मुलखाची. दुसरा इलाज नव्हता, आणि त्यामुळेच राज्य टिकलं. पण ज्या सरदाराचं उत्पन्न सीमेपलीकडच्या गावातून यायचं, त्याला तह झाला की तोटा. सदा लढणारं राज्य सदा का लढतं, याचं सर्वांत खरं उत्तर इथे आहे असं आम्हाला वाटतं. कल्पित राज्यात शत्रूला राक्षस करायची गरज उरत नाही. चार शूर सरदारांना चार अशा सनदा द्या, पुढची तीस वर्षं ते स्वतःच सरहद्द पेटती ठेवतील.

याच काळात गड पैशानेही गेले. १७०२ मध्ये विशाळगड अखेर वाटाघाटी करून, रक्कम मोजून औरंगजेबाच्या हाती गेला. यात नुसती फितुरी पाहणं चुकीचं ठरेल. पावसाळा तोंडावर असताना गड मोगलांना विकायचा, त्याच पैशात माणसं ठेवायची आणि पुढे तोच गड परत घ्यायचा, असा व्यवहार मराठ्यांना परवडत होता, मोगलांना नव्हता.

१७०७ मध्ये शिवाजी महाराजांचे नातू शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि सरहद्द घरातच शिरली. राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, १७१४ मध्ये तिथेच सत्तांतर होऊन राजाराम महाराजांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचे पुत्र संभाजीराजे गादीवर आले आणि १३ एप्रिल १७३१ ला शाहू महाराज व संभाजीराजे यांच्यात वारणेचा तह झाला. वारणा नदी ही सीमा ठरली. तहाची कलमं वाचताना लढाईचा सारा इतिहास दिसतो: एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू मानावा, एकाच्या चाकराला दुसऱ्याने चाकरीत घेऊ नये, वडगावचं ठाणं पाडून टाकावं. चाकरांचं कलम सर्वांत महत्त्वाचं, कारण नाराज सरदार रातोरात नदी ओलांडून पलीकडे जात असत. आपल्या राज्याचा तह लिहिताना ठाणी आणि चाकर यांची कलमं आधी लिहावीत.

वारणेची बाजू शांत झाली तरी बाकीच्या दिशा धुमसतच राहिल्या. दक्षिण-पश्चिमेला सावंतवाडी, पूर्वेला पटवर्धन, दक्षिणेला निपाणीकर, समुद्राकडे इंग्रज. चिकोडी आणि मनोळी तर इकडून तिकडे जात राहिली. १८१७ मध्ये इंग्रजांनी ती कोल्हापूरला दिली आणि काही वर्षांतच काढून घेतली. घाटाच्या तोंडाशी बसवलेले जहागीरदार, बावड्याचे अमात्य आणि विशाळगडचे प्रतिनिधी, तिथेच पिढ्यान् पिढ्या मुरले.

या सगळ्यात सर्वांत जास्त काळ जागचा न हललेला माणूस म्हणजे गडकरी. पगार थोडा, पण गडाखाली नावावर जमीन. बाप तटावर, मुलगा शेतात, पुढे मुलगा तटावर. त्याची निष्ठा त्या बांधाला होती. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या, इंग्रजांच्या देखरेखीखालच्या नव्या कारभारात गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था गडांकडून काढून मामलेदारांकडे देण्यात आली. तेव्हा सरहद्दीवर कुणी शत्रू उरला नव्हता, तरीही सामानगडावर आणि भुदरगडावर दरवाजे बंद झाले आणि पाठोपाठ पन्हाळाही उठला. इंग्रजी फौजेने ऑक्टोबरात सामानगड घेतला, १ डिसेंबरला पन्हाळा. गडकऱ्यांची शिबंदी (गडावरची फौज) मोडली आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडून टाकण्यात आला. तीन दरवाजा तेवढा अजून उभा आहे.