पेठघराचे व्यापारी रूपांतर (कोकण)

राजापूर, मालवण, वेंगुर्ले अशा जुन्या बंदरगावांच्या बाजारपेठेतील राहते घर दुकान, खानावळ किंवा लॉज म्हणून वापरात आणण्याची बांधकामरीत. घर अरुंद आणि खोल असते : रस्त्यालगत ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, शेवटी परस व विहीर. ओटीवर व्यापार पूर्वीही चाले. खांबांच्या खाचांत उभ्या फळ्या सरकवून दुकान बंद करीत. त्या फळ्या शाबूत असतील तर लोखंडी शटर बसवू नये. खाऱ्या हवेत ते लवकर गंजते.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या, साधारण दीड ते दोन फूट जाड. माळ्याच्या तुळया आणि छपराचे वासे त्यांवरच टेकतात. सर्वांत मोठे नुकसान होते ते जागा मोकळी करण्यासाठी ओटी आणि माजघरामधली भिंत फोडताना. आधी दोन्ही बाजूंनी तुळयांना धिरे (तात्पुरते टेकू) द्यावेत. मग भिंतीच्या निम्म्या जाडीत खाच घेऊन एक गर्डर बसवावा, तो पक्का झाल्यावरच दुसऱ्या बाजूने दुसरा. गर्डरची टोके दोन्हीकडे किमान फूटभर भिंतीत हवीत आणि त्यांखाली काँक्रीटची उशी; नुसत्या चिऱ्यावर टेकवल्यास चिरा चुरतो व वर तिरकी भेग जाते.

जांभा सच्छिद्र असतो, जोत्यातून ओल वर ओढतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि गिलाव्याचे पोपडे चिऱ्याचा थर घेऊन गळतात. एक भाग चुना, तीन भाग वाळू हाच गिलावा योग्य.

लॉजसाठी माळ्यावर न्हाणीघरे काढू नयेत. गळती तुळयांच्या भिंतीतल्या टोकांपाशी मुरते, लाकूड आतून कुजते आणि वाळवी लागते. न्हाणीघरे परसात, स्वतंत्र पायावर बांधावीत. मंगलोरी कौले काढून पत्रे घातल्यास माळा तापतो. शिवाय कौलांचे वजन गेल्याने वादळात छप्पर उचलले जाण्याचा धोका वाढतो.

राजापूरच्या पेठेत अर्जुना व कोदवलीचे पाणी पावसाळ्यात शिरते. तिथे विजेचे बोर्ड पूररेषेच्या वर घ्यावेत. पुराच्या वेळी सगळा माल माळ्यावर जातो, आणि माळा घरगुती वजनासाठी बांधलेला असतो. म्हणून पोत्यांची थप्पी भिंतीलगत लावावी, तुळईच्या मध्यावर नव्हे. मे महिन्यातच तुळयांची टोके टोच्याने (अणकुचीदार हत्याराने) तपासावीत. टोचा सहज आत गेला तर तुळई बदलेपर्यंत तिच्याखाली खांब द्यावा.