सुई टोचण्याआधी विचारा

दीड वर्षाचा बूस्टर होतो, बाळ टाहो फोडत असतं आणि आई चप्पल घालता घालता मागे वळते, "डॉक्टर, हा अजून बोलत नाही, चालेल ना?" आठवड्यातून दोन-तीनदा हे होतंच. नेमकं तेव्हा आम्हाला काही पाहता येत नाही. हाक मारली की वळतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, खेळणं आणून आईला दाखवतो का, आमचा सगळा अंदाज यावर. रडणारं मूल यातलं काहीच करत नाही. मग परत बोलवावं लागतं आणि तुमची आणखी एक रजा जाते.

म्हणून बोलण्याबद्दल किंवा वागण्याबद्दल शंका असेल तर नंबर लावतानाच सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी अशाच सवयींबद्दलच्या २० प्रश्नांचा कागद मिळेल, उत्तरं फक्त हो किंवा नाही. दिवसभर मूल सांभाळणाऱ्यानेच तो भरावा. आजी सांभाळत असेल तर आजीला सोबत आणा. "एकदा-दोनदा केलं होतं" याचं उत्तर 'नाही' असंच लिहायचं. मोबाइलवरचा व्हिडिओ जरूर आणा, पण "काकांना बाय कर" असा नको. आपल्याच नादात खेळत असताना दोन मिनिटं गुपचूप घ्या.

"कुकरची शिट्टी ऐकून धावत येतो, मग कानाची तपासणी कशाला?" मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. बोलायला उशीर असेल तर आम्ही आधी कान तपासायला सांगतो, त्यात कमिशन नाही.

शाळेतून "एका जागी बसत नाही" अशी तक्रार आली तर बाईंचं म्हणणंही लेखी आणा. फक्त घरी किंवा फक्त शाळेत दिसणाऱ्या चंचलपणाला आम्ही लगेच एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा त्रास) म्हणत नाही.

दोन वर्षं झाली तरी "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, तर "याचे बाबाही उशिरा बोलले" म्हणून थांबू नका. येत असलेले शब्द बंद झाले असतील तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात या, नंबर लावायची गरज नाही.

बुधवारी दुपारी अशा मुलांसाठी अर्धा-अर्धा तास राखून ठेवतो. त्याची फी वेगळी आहे; पाच मिनिटांत मुलावर शिक्का मारणं आम्हाला जमत नाही. लसीकरण आमच्याकडे असेल तर प्रश्नावली मोफत. पुढची थेरपी परवडत नसेल तर सरकारच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी (तिथे अशा मुलांची तपासणी आणि थेरपी मोफत होते) चिठ्ठी देतो, तिचे पैसे घेत नाही.