फौजेची किंमत कोण ठरवतो?

नागपुरात बुद्धिबळाच्या वर्गाला जाणाऱ्या मुलाला सुरुवातीच्या दिवसांतच एक हिशेब पाठ होतो. प्याद्याचा १ गुण, घोड्याचे आणि उंटाचे प्रत्येकी ३, हत्तीचे ५ आणि वजिराचे ९. दिव्या देशमुख यांनी २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर या शहरात हा हिशेब पटाला कधी हात न लावलेल्या माणसांच्याही कानावर पडू लागला आहे. काही महिने खेळल्यावर त्याच मुलाच्या लक्षात येते की स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला उंट तीन गुणांचा राहत नाही आणि सातव्या ओळीत पोचलेले प्यादे एका गुणाचे राहत नाही. बुद्धिबळात या तफावतीने खेळ बिघडत नाही, कारण दोन्ही बाजूंना मोहरे सारखेच मिळतात. मिनिएचर युद्धखेळात, म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या फौजा टेबलावर लढवण्याच्या खेळात, मात्र समोरासमोर उभ्या राहणाऱ्या दोन फौजा मुळातच वेगळ्या असतात. एकीकडे चिलखती सैनिक मोजकेच असतील, तर दुसरीकडे किड्यांसारखी झुंड असेल, आणि तरीही डाव बरोबरीचा व्हावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे मोहऱ्याची किंमत हा तिथे सगळ्या खेळाचा पाया ठरतो.

एखाद्या फौजेचे नवे नियम प्रसिद्ध झाले की ती फौज आता भारी झाली की दुबळी, यावर खेळाडूंमध्ये लगेच वाद सुरू होतो. हा वाद एखाद्या कंपनीच्या ताज्या पुस्तकापुरता वाटतो, पण त्याचे मूळ दोनशे वर्षांहून जुने आहे. पथकाचे मोल कुणी ठरवायचे, पंचाने, नियमकर्त्याने की आकडेवारीने, या प्रश्नाची उत्तरे दर पिढीत बदलत गेली. नव्या नियमांवर मत देण्यापूर्वी हा बदल कसा घडला ते पाहिले, तर कोणत्या मतावर किती भरवसा ठेवावा याचा अंदाज येतो.

फौजेची घटकवार यादी करण्याची कल्पना आपल्याला नवीन नाही. महाभारताच्या आदिपर्वात एका पत्तीत १ रथ, १ हत्ती, ३ घोडेस्वार आणि ५ पायदळ सैनिक सांगितले आहेत, आणि याच प्रमाणात वाढत जाऊन २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ मिळून एक अक्षौहिणी होते. आजच्या खेळाडूच्या भाषेत ही आर्मी लिस्टच आहे. मात्र त्यात प्रमाण आहे, किंमत नाही. एक हत्ती किती घोड्यांच्या बरोबरीचा, हे ती यादी सांगत नाही, आणि कौरवांच्या ११ अक्षौहिणींसमोर पांडवांच्या ७ उभ्या राहिल्या तेव्हा संख्येवरून निकालाचा अंदाज बांधणाऱ्याची गत काय झाली असती हे सर्वांना ठाऊक आहे.

आधुनिक युद्धखेळाची सुरुवात प्रशियात झाली. राइसविट्झ नावाच्या एका उमरावाने १८१२ साली राजा तिसरा फ्रीडरिख विल्हेल्म याच्यासमोर आपला युद्धखेळ मांडला, आणि त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली त्याचे सुधारित नियम छापले. १:८००० प्रमाणाच्या नकाशावर पथकांचे छोटे ठोकळे सरकवायचे, गोळीबाराचे नुकसान फाशांनी काढायचे आणि दोन्ही बाजूंचे हुकूम पंचाने अमलात आणायचे, अशी ती रचना होती. नुकसानीचे कोष्टक मनाने रचलेले नव्हते, तर प्रशियाचे सेनानी शार्नहोर्स्ट यांनी नोंदवलेल्या तोफा-बंदुकांच्या प्रत्यक्ष परिणामांवर ते आधारलेले होते. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ पाहून, ही करमणूक नसून युद्धाचे शिक्षण आहे, अशा आशयाचे उद्गार काढले आणि तो सैन्यात रुजला.

आपल्या विषयासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की राइसविट्झ यांच्या खेळात फौजा समान असाव्यात अशी अटच नव्हती. एका बाजूला माघार घेणारी लहान तुकडी असे, दुसऱ्या बाजूला पाठलाग करणारी मोठी, आणि कोणी कसे निभावले याचा निवाडा पंच करत असे. १८७६ साली व्हर्डी द्यू व्हर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्याने तर कोष्टके आणि फासेही बाजूला ठेवले आणि अनुभवी पंचाचा निर्णय पुरेसा मानला. तोलाची जबाबदारी अशा रीतीने पूर्णपणे एका माणसाच्या विवेकावर होती. ज्याला तसा पंच मिळाला त्याचे भले झाले, आणि ज्याला मिळाला नाही त्याच्या हाती काहीच उरले नाही.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घराच्या जमिनीवर आणला. त्यांच्या खेळात तोफेचा निकाल फासा देत नसे. स्प्रिंगच्या खेळण्यातील तोफेने खरोखर गोळी मारायची आणि जो शिपाई पडेल तो मेला, असा सरळ नियम होता. शिशाचे शिपाई दोन्हीकडे सारख्याच जातीचे असल्यामुळे मूल्यमापनाचा प्रश्न त्यांना फारसा पडला नाही.

तो प्रश्न खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधील हौशी मंडळींपुढे उभा राहिला. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ सालच्या पुस्तकाने ही आवड पसरवली, आणि १९६९ पासून फिल बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने प्राचीन काळातील लढायांचे नियम प्रसिद्ध केले. आता एकाच टेबलावर रोमन पायदळ, पार्थियन घोडदळ आणि भारतीय हत्ती समोरासमोर येऊ लागले, आणि ते अनोळखी खेळाडूंमध्ये, स्पर्धेत, पंचाच्या सल्ल्याविना. तेव्हा प्रत्येक सैनिकाला त्याच्या शिक्षणावरून, चिलखतावरून आणि शस्त्रावरून पॉइंट लावले गेले आणि दोघांनी समान पॉइंटांची फौज आणावी असा करार रूढ झाला. पंचाचा विवेक अशा प्रकारे आगाऊ छापलेल्या किमतीत उतरला. त्यापाठोपाठ आर्मी लिस्टची पुस्तके आली, ज्यांत कोणत्या फौजेत कोणते पथक किमान किती आणि कमाल किती असावे हे ठरलेले असे, कारण नुसत्या किमतीवर सोडले तर प्रत्येक जण स्वस्त आणि मस्त तेवढेच उचलतो हे एव्हाना उघड झाले होते. बार्कर यांच्याच गटाने १९९० साली डीबीए या छोट्या खेळात पॉइंट काढून टाकून प्रत्येक फौजेला सरसकट १२ घटक दिले. किमतीचा मार्ग ज्यांनी मळवला त्यांनीच तो सोडून पाहिला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

नागपूरच्या खेळाडूला किमतीची मर्यादा समजायला लांब जावे लागत नाही. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी यांची लढाई झाली. कंपनीकडे दीड हजारांहून कमी माणसे होती आणि भोसल्यांकडे त्याच्या कित्येक पट, त्यात नावाजलेले अरब पायदळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठ्या टेकडीवर मारा सुरू केला. त्यानंतर बंगाल घोडदळाच्या थोड्या स्वारांनी मैदानात उतरून हल्ला चढवला आणि पारडे फिरले. टेकडी गणपतीच्या दर्शनाला येणारे हजारो लोक रोज ज्या उंचवट्याजवळून जातात, तिथली ही लढाई टेबलावर मांडायची म्हटले तर अरब पायदळाला किती पॉइंट लावावेत? टेकडी हाती असताना एक किंमत येते, उघड्या मैदानावर दुसरीच. घोडदळाचेही तसेच. संख्येच्या हिशेबाने भोसल्यांची बाजू कित्येक पट जड भरते आणि तरी ती हरते.

आज आपल्याकडे नव्या नियमांची चर्चा होते ती बहुतेक करून वॉरहॅमर ४०,००० या खेळाबद्दल. १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ साली वॉरहॅमर आणि १९८७ साली त्याचे भविष्यकालीन रूप आणले. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्रत्येक फौजेचे स्वतंत्र पुस्तक, म्हणजे कोडेक्स, निघू लागले, आणि मूल्यमापनाचा आजचा प्रश्न तिथून सुरू झाला. कोडेक्स एकेक करून, वर्षानुवर्षांच्या अंतराने येत. एखाद्या फौजेचे पुस्तक ताजे असे, तर दुसरीचे आधीच्या आवृत्तीतले आणि जुन्या किमतींचे. किंमत छापील असल्यामुळे चूक झाली तर ती पुढच्या पुस्तकापर्यंत तशीच राहत असे. २०१५ च्या स्पेस मरीन या फौजेच्या कोडेक्समध्ये ठरावीक रचनेने मोठी फौज उभी केली तर तिच्या वाहतूक गाड्या फुकट मिळत, म्हणजे समान पॉइंटांच्या कराराला तिथे सरळ छेदच दिला गेला होता.

२०१७ च्या आठव्या आवृत्तीत कंपनीने सर्व फौजांचे जुने नियम एकदम रद्द करून पाच इंडेक्स पुस्तकांत नवे दिले आणि किंमत दरवर्षी बदलता येईल अशी सोय केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिली बॅलन्स डेटास्लेट, म्हणजे तोल साधणाऱ्या दुरुस्त्यांचे पत्रक, निघाली, आणि तेव्हापासून काही महिन्यांच्या अंतराने नियम व पॉइंट दोन्ही दुरुस्त होऊ लागले. २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत पुन्हा सगळे इंडेक्सवर आले, हत्यारांची वेगळी किंमत बंद झाली आणि फौजेचा स्वभाव डिटॅचमेंट, म्हणजे खास नियमांचा एक संच, निवडून ठरू लागला. स्पर्धांमधील निकालांची टक्केवारी पाहून प्रत्येक फौजेचे विजयाचे प्रमाण ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवण्याचे उद्दिष्ट कंपनीने जाहीरपणे सांगितले. राइसविट्झ यांचा पंच, बार्कर यांची छापील किंमत आणि त्यानंतर ही आकडेवारी, असा हा प्रवास आहे.

नव्या नियमांवर पहिल्या दिवशी येणारी मते बहुतेक वेळा सरासरीच्या गणितावर उभी असतात. हे गणित आवश्यक आहे, पण ते कुठे फसते ते एका उदाहरणाने सांगतो. दहा गोळ्या, सहा बाजूंच्या फाशावर ३ किंवा अधिक पडले तर नेम लागतो, ४ किंवा अधिकवर जखम होते आणि समोरच्याची चिलखत-सेव्ह, म्हणजे चिलखताने जखम अडवणारा फासा, ३ किंवा अधिक आहे. दहाला दोन तृतीयांश, मग निम्मे, मग एक तृतीयांश केले की १.११ जखमा उरतात. आता नव्या नियमाने या बंदुकीची भेदक शक्ती एका पायरीने वाढवली. समोरची सेव्ह ४ किंवा अधिकवर गेली आणि जखमा १.६७ झाल्या, म्हणजे ५० टक्के वाढ. हाच नियम २ किंवा अधिक सेव्ह असलेल्या जड चिलखताविरुद्ध १०० टक्के वाढ देतो आणि ६ वरच सेव्ह मिळणाऱ्या झुंडीविरुद्ध फक्त २० टक्के. कोडेक्समध्ये ओळ एकच असते, किंमतही एकच असते, पण तिचे मोल पाचपट बदलते, आणि ते कोणासमोर बसता त्यावर बदलते.

काही नियम तर सरासरीच्या चौकटीतच बसत नाहीत. २०२३ च्या इंडेक्समध्ये एल्डारी फौजेला लढाईच्या सुरुवातीलाच १२ फासे टाकून बाजूला ठेवण्याची आणि हवा तेव्हा त्यातला फासा खऱ्या फाशाऐवजी वापरण्याची मुभा होती. सरासरी काढणाऱ्याच्या वहीत राखून ठेवलेला ६ हा साडेतीनपेक्षा थोडा चांगला एवढाच दिसतो. पण जे हत्यार नेमका ६ पडला तरच चिलखताला जुमानत नाही, त्याच्या हाती तो ६ खात्रीने देता येत असेल, तर अनिश्चिततेवर लावलेली सगळी किंमत कोसळते. तसेच झाले, आणि त्या फौजेला पुढच्या अनेक दुरुस्त्यांमध्ये आवरावे लागले. त्याआधी २०२२ मध्ये लीग्ज ऑफ वोटान या नव्या फौजेचे नियम बाजारात पूर्णपणे येण्याआधीच त्यांत बदल करून पॉइंट वाढवावे लागले होते. केवळ वाचून दिलेले मत तिथे बरोबर निघाले. म्हणून कागदावरचे मत टाकाऊ असते असे मी म्हणणार नाही. ते टोकाचे दोष चांगले पकडते, मधल्या छटा मात्र त्याला दिसत नाहीत.

मधल्या छटांसाठी टक्केवारी उपयोगी पडते, पण ती मोठ्या स्पर्धांची असते, जिथे हजारो सामने होतात आणि खेळाडू दर दुरुस्तीनंतर फौज बदलू शकतात. नागपुरात एकेक फौज रंगवायला पाच-सहा महिने जातात, त्यातही मे महिन्याच्या उन्हात स्प्रेचा रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो म्हणून ते काम थांबवावे लागते. इथे खेळणारे मोजके आहेत आणि प्रत्येकाची फौज एक किंवा दोन. समजा एका फौजेने आमच्याकडे २० पैकी १३ डाव जिंकले, तर ते ६५ टक्के दिसतात आणि लगेच ती फौज भारी असल्याचा बोलबाला होतो. परंतु नाणे २० वेळा उडवले तरी १३ किंवा अधिक छापे सुमारे १३ टक्के वेळा पडतातच. शिवाय ते २० डाव त्याच चार-पाच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध झालेले असतात, आणि त्यांत झुंडीची फौज कोणाकडेच नसेल, तर वर सांगितलेली भेदक शक्तीची ओळ इथे जगातल्या कोणत्याही तक्त्यात दिसते त्यापेक्षा मोलाची ठरते.

धरमपेठेतल्या एका मित्राच्या घरी वरच्या मजल्यावर रविवारी आमचे टेबल लागते, तिथे गेल्या काही महिन्यांत आम्ही यावर एक पद्धत ठरवून घेतली आहे. नव्या नियमांची फौज दोन डाव खेळते, एकाच मिशनवर, एकाच भूरचनेवर, आणि दुसऱ्या डावात दोघे फौजांची अदलाबदल करतात. जिंकणारा माणूस दोन्ही वेळा तोच राहिला, तर निकाल फौजेच्या खात्यावर टाकायचा नाही. वहीत मारलेल्या सैनिकांची संख्या लिहीत नाही, कारण दहाव्या आवृत्तीत विजय मुख्यतः ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणा, धरून ठेवण्याच्या गुणांनी मिळतो. कोणत्या फेरीत कोणते पथक कोणत्या खुणेवर उभे होते आणि ते तिथून हटवायला समोरच्याला किती पॉइंटांची पथके खर्चावी लागली, एवढेच लिहितो. पहिल्या वाचनात आम्ही सर्वांनी दुबळे ठरवलेले एक स्वस्त पायदळ या वहीत सलग चार डाव मधल्या खुणेवर तिसऱ्या फेरीपर्यंत टिकलेले दिसते आहे. डाव खेळत नसलेला तिसरा माणूस ही नोंद ठेवतो आणि वाद झाला तर त्याचे म्हणणे अंतिम मानले जाते.