गिरणीची भिंत आणि हवेतला कोळसा

एप्रिल महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास लालबाग-परळमधल्या एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारभिंतीलगत चालत गेले, तर अंगाच्या त्या बाजूला ऊब जाणवते. सूर्य मावळलेला असतो, भिंतीला हातही लागलेला नसतो. तरी त्या काळ्या दगडातून निघालेले काहीतरी गालापर्यंत येऊन पोहोचत असते. दिवसभर उन्हात तापलेला तो बेसाल्ट आता स्वतःच प्रकाशत असतो. मात्र हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, तेवढा कातडीला कळतो. त्यालाच अवरक्त किरण म्हणतात. जागतिक तापमानवाढीचे सारे प्रकरण या किरणांना आकाशात निसटून जायला कितपत वाट मिळते, या एका प्रश्नाभोवती फिरते.

पृथ्वीही अशीच एक तापलेली भिंत आहे. दिवस-रात्र, विषुववृत्त आणि ध्रुव यांची सरासरी काढली, तर सूर्याकडून तिला दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट ऊर्जा मिळते. त्यातील साधारण ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटे जशीच्या तशी परतवून लावतात व उरलेले २४० वॅट पृथ्वी शोषून घेते. अवकाशात हवा नसल्यामुळे ही उष्णता वाऱ्यावर सोडून देण्याची सोय नाही. ती अवरक्त किरणांच्या रूपानेच बाहेर टाकावी लागते. जेवढी आवक तेवढीच जावक, असा हिशेब मांडला तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअस निघते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. मधला ३३ अंशांचा फरक म्हणजे हरितगृह परिणाम. तेव्हा हा परिणाम मुळात काही संकट नव्हे. तो नसता तर अरबी समुद्राच्या जागी बर्फाचे मैदान असते.

‘हरितगृह’ हे नाव मात्र फसवे आहे. काचेच्या घरात, किंवा काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, हवा तापते ती प्रामुख्याने तिला वर चढून निघून जाता येत नाही म्हणून. १९०९ साली अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी एका पेटीला काचेचे आणि दुसऱ्या पेटीला सैंधवाचे झाकण लावून पाहिले. सैंधवातून अवरक्त किरण आरपार जातात, काचेतून जात नाहीत. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. वातावरण कोणाचीही वाट झाकण घालून अडवत नाही. वर जाणारे किरण ते शोषून घेते आणि त्यातील काही पुन्हा खाली पाठवते. नाव आता रूढ झाले आहे, म्हणून तेच वापरायचे. पण मनात काचेपेक्षा गोधडीचे चित्र ठेवलेले बरे.

ही गोधडी आश्चर्य वाटावे इतकी विरळ आहे. कोरड्या हवेचा ९९.९ टक्के भाग नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गॉन यांनी बनलेला आहे आणि हे तिन्ही वायू अवरक्त किरणांना जवळपास काहीच अटकाव करत नाहीत. एकसारख्या दोन अणूंचा रेणू कंप पावला तरी त्याच्यातील विद्युतभाराचा तोल ढळत नाही, आणि तोल ढळल्याखेरीज तो हे किरण पकडू शकत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू तीन अणूंचा असतो. कावडीसारखा तो मधोमध लवतो, तेव्हा तोल ढळतो आणि सुमारे १५ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण तो नेमके टिपतो. तापलेल्या जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा नेमका याच पट्ट्याच्या आसपास असतो. पाण्याची वाफ, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि ओझोन यांचेही आपापले पट्टे आहेत.

यांपैकी वाफेचे काम मुंबईकराला अंगाने ठाऊक असते. डिसेंबरात निफाडची रात्र इतकी गारठते की द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात; त्याच रात्री मुंबईत पंखा बंद करावा की नाही, यावर घरात वाद चाललेला असतो. समुद्राचे सान्निध्य हे त्याचे मोठे कारण आहेच. पण देशावरच्या कोरड्या, निरभ्र हवेतून जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि मुंबईच्या दमट हवेत ती अडते, हेही तितकेच खरे आहे.

वायूंचा हा गुण प्रथम प्रयोगात दाखवला तो युनिस फूट या अमेरिकन बाईंनी, १८५६ साली. काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून त्यांनी ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि सावलीत आणल्यावर निवायलाही त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. पूर्वी हवेत हा वायू अधिक असेल तर पृथ्वी अधिक उष्ण असली पाहिजे, असे त्यांनी त्याच निबंधात लिहिले. सूर्याचे किरण आणि जमिनीचे अवरक्त किरण वेगळे करण्याची सोय मात्र त्यांच्या मांडणीत नव्हती. ते काम १८५९ पासून जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये केले आणि दीर्घकाळ सारे श्रेयही त्यांनाच मिळाले.

योगायोग असा, की १८५६ सालीच ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली. मुंबईतील ती पहिली. पुढे गिरणगावात धुराड्यांचे रानच उभे राहिले आणि त्यांखाली दगडी कोळसा जळू लागला. इंग्लंडमध्ये तो त्याआधी कितीतरी वर्षे आणि कितीतरी पटींनी जळत होता, हेही इथे सांगितले पाहिजे; आजसुद्धा सरासरी भारतीय माणसाच्या वाट्याला येणारे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे.

कोळसा जळतो म्हणजे नेमके काय होते, हे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवरून नीट समजते. भरलेल्या सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि तो जिन्यावरून वर चढवताना त्याचे वजन चांगलेच कळते. महिना-दीड महिन्याने सिलिंडर हलका होतो आणि गॅस ‘संपला’ असे आपण म्हणतो. तो संपलेला नसतो. त्यातील प्रत्येक कार्बन अणूने हवेतले दोन ऑक्सिजन अणू सोबत घेतलेले असतात आणि १४.२ किलो गॅसचा सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन खिडकीबाहेर गेलेला असतो. कोळशातील एक किलो कार्बनपासून याच न्यायाने साडेतीन किलोंहून अधिक वायू बनतो. जगभर दगडी कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू जाळून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सगळ्या ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन याच्या साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरते.

गिरणीच्या धुराड्यातून दिसायचा तो काळा धूर होता. तो काजळीचा असे आणि चार-आठ दिवसांत खाली बसे किंवा पावसाने धुऊन जाई. वाळत घातलेल्या धोतरावर तो दिसत असल्याने त्याच्याविरुद्ध तक्रारही होई. त्याच्यासोबत निघालेला कार्बन डायऑक्साइड ना दिसत होता ना त्याला वास होता, आणि खरी गोम तिथेच आहे. आज आपण जो वायू सोडतो त्यातील साधारण अर्धा भाग समुद्र व वनस्पती उचलून घेतात. उरलेल्यातला बराचसा शतकानुशतके आणि काही भाग हजारो वर्षे हवेत भर म्हणून राहतो. तेच रेणू राहतात असे नव्हे, कारण हवा, झाडे आणि पाणी यांच्यात देवाणघेवाण सतत चालू असते. मुद्दलात पडलेली भर मात्र टिकते. ताडदेवच्या त्या पहिल्या बॉयलरने घातलेल्या भरीचा काही अंश या अर्थाने अजून आपल्या डोक्यावर आहे.

ही भर मोजता येते. हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ रेणू होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहेत. औद्योगिक युगापूर्वी हा आकडा २८० होता, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून पाहिले तर गेल्या आठ लाख वर्षांत त्याने ३०० ची मर्यादा ओलांडल्याचे दिसत नाही. हा वायू मानवी व्यवहारातूनच आला कशावरून, अशी शंका घेतली जाते. तिचे उत्तर कार्बनच्या जातींमध्ये आहे. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेल्या कोळशात किरणोत्सारी कार्बन-१४ शिल्लक राहिलेला नसतो, आणि वनस्पतींपासून बनल्यामुळे त्यात कार्बन-१३ चे प्रमाणही कमी असते. हवेतील कार्बनचे मिश्रण नेमके याच दिशेने सरकत आले आहे. दुधात पाणी घातल्यावर लॅक्टोमीटर जशी चुगली करतो, तसाच हा प्रकार आहे.

एक आक्षेप जुना असला तरी तगडा आहे. १५ मायक्रोमीटरचे किरण अडवायला हवेत आधीच पुरेसा कार्बन डायऑक्साइड आहे. पडदा आधीच अपारदर्शक असताना त्यावर आणखी एक टाकून काय होणार? स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली, हाताने आकडेमोड करून, हा वायू दुप्पट झाल्यास पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल असे मांडले, तेव्हा हाच आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला आणि पुढे कित्येक वर्षे तो निर्णायक समजला गेला. चूक होती ती वातावरणाला एकच पडदा समजण्यात.

उष्णता वर जाते ती थराथरांतून, शोषली जात आणि पुन्हा बाहेर पडत. शेवटी एका उंचीवर हवा इतकी विरळ होते की तिथून निघालेला किरण पुन्हा न पकडला जाता अवकाशात निसटतो. ही निसटण्याची उंची सरासरी पाच किलोमीटर धरता येते. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. उन्हाळ्यात आपण माथेरान गाठतो ते ८०० मीटरवर मिळणाऱ्या पाच अंशांसाठीच. पाच किलोमीटरवर ते जवळपास ३३ अंशांनी उतरलेले, म्हणजे उणे १८ असते, आणि सुरुवातीच्या हिशेबातला आकडा हाच होता. आता हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की ही निसटण्याची जागा आणखी वर सरकते. वरची हवा अधिक थंड, आणि थंड वस्तू कमी उष्णता बाहेर टाकते. सूर्याकडून आवक मात्र पूर्वीइतकीच राहते. जावक पुन्हा २४० वॅटवर येईपर्यंत खालचा सगळा थर तापत राहतो. वायू दुप्पट झाला तर ही तूट दर चौरस मीटरला सुमारे ४ वॅट पडते, म्हणजे दर तीन मीटर लांब-रुंद खोलीमागे जुना ३६ वॅटचा दिवा वर्षानुवर्षे चालू ठेवल्यासारखे. हवेत हा वायू वाढल्यामुळे स्थितांबर, म्हणजे त्याहून वरचा थर, मात्र गेल्या काही दशकांत थंड होत गेला आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळे तापमान वाढले असते, तर हा थरही तापायला हवा होता.

तापलेली हवा अधिक वाफ सामावून घेते, दर अंशाला सुमारे सात टक्के. वाफ स्वतःच हरितगृह वायू असल्याने ती तापमान आणखी वाढवते. तिला दोष देऊन मात्र उपयोग नाही; ती हवेत आठ-दहा दिवसच राहते आणि पाऊस होऊन पडते. कार्बन डायऑक्साइडने सुरू केलेले काम ती वाढवते, स्वतःहून सुरू करत नाही. हे सगळे जमेस धरता वायू दुप्पट झाल्यास सुमारे तीन अंशांची वाढ होईल, असा आजचा अंदाज आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा १.१ अंशांनी उष्ण होती, आणि २०२४ हे साल दीड अंशापलीकडे गेले.

मुंबईत या विषयावर बोलताना तीन-चार वेगळ्या गोष्टींची हमखास खिचडी होते. हिवाळ्यातील धुरके हा हरितगृह परिणाम नव्हे. त्यातील बरेचसे कण ऊन परतवून उलट थोडा गारवाच आणतात. ओझोनचे छिद्र हे वेगळे प्रकरण आहे. डांबर, काँक्रीट आणि वातानुकूलन यंत्रांमुळे शहर भोवतालच्या गावांपेक्षा तापते, तेही खरे, पण त्याने अरबी समुद्र तापत नाही.

मिथेनचे तसे नाही. तो या गणितात थेट मोडतो. देवनारच्या कचराडेपोत ओला कचरा हवेअभावी कुजतो तेव्हा हा वायू बनतो, आणि २०१६ च्या जानेवारीत तिथे लागलेल्या मोठ्या आगीच्या वेळी त्याचे अस्तित्व शहराला चांगलेच कळले. भातखाचरे, गुरांचे रवंथ आणि गळक्या गॅसवाहिन्या हे त्याचे इतर उगम. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक ठरतो, पण साधारण बारा वर्षांत विघटित होतो. आणि गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांचे सिमेंट? चुनखडी भाजली की तिच्यात बांधलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून या दगडाचा असतो.

साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्के समुद्र गिळतो. पाणी तापले की प्रसरण पावते, जमिनीवरचे बर्फही वितळून त्यात येते, आणि १९०१ ते २०१८ या काळात जगाची समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद ठेवली गेली आहे. इतकी जुनी नोंद आशियात फार थोड्या ठिकाणी आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड कायमचा काढून टाकणारी एक यंत्रणा सह्याद्रीत आहे, आणि ती त्या गिरणीच्या भिंतीतही आहे. पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल बनते, ते बेसाल्ट झिजवते, झिजेतून सुटलेले क्षार नद्यांवाटे समुद्रात जातात आणि तिथे शंख-शिंपल्यांच्या रूपाने चुनखडी होऊन तळाशी बसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हाच दगड लाव्हा होऊन वाहिला, तेव्हा त्याने स्वतः अफाट कार्बन डायऑक्साइड ओकला होता. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो त्याची थोडी थोडी परतफेड करत आला आहे. आपण आतापर्यंत घातलेली भर याच गतीने फिटायची, तर काही लाख वर्षे लागतील.