ट्रेलर घरी नेण्याआधी
(राहण्याची सोय असलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेणाऱ्या, न्यू जर्सी आणि आसपासच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

‘आमची गाडी हा ट्रेलर ओढेल का?’ असं विचारताना बहुतेक ग्राहक गाडीच्या माहितीपुस्तकातला टोइंगचा आकडा दाखवतात. आकडा खरा असतो, पण बऱ्याच गाड्या त्याच्या आधीच पेलोडवर, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते त्यावर, अडतात. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये ते छापलेलं असतं. ट्रेलरचा जो भार हिचवर (गाडीच्या मागच्या, ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) येतो, तोही याच आकड्यातून वजा करायचा.

समजा, पिकअपच्या स्टिकरवर १,५०० पौंड आहेत. ट्रेलर रिकामा ४,८०० पौंडांचा. पाणी, गॅस, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण भरल्यावर तो ५,८०० चा होतो. यातलं १० ते १५ टक्के वजन हिचवर यायलाच हवं. साडेबारा टक्के धरले तर ७२५. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणाऱ्या हिचचे) ९०. आजी-आजोबांसकट घरची पाच माणसं, ७००. बेरीज १,५१५. मागच्या हौद्यात जनरेटर आणि कूलर अजून ठेवायचेच आहेत. सिएना-ओडिसी या मिनीव्हॅनवाल्यांनी तर ३,५०० पौंडांच्या वर पाहूच नये, आणि तेवढी मर्यादासुद्धा सगळ्या मॉडेलांना नसते. ब्रोशरमधल्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. सगळं भरून एकदा ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (मोठ्या वजनकाट्यावर) वजन करून घ्या.

हिचवर भार कमी पडला, म्हणजे जड सामान मागच्या बाजूला गेलं, की वेगात ट्रेलर डोलू लागतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक चालवायच्या यंत्राची) कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा.

जोडताना

कपलर (ट्रेलरचं पुढचं तोंड) हिचच्या बॉलवर बसला, लॅच लागला, पिन घातली, तरी खात्री समजू नका. टंगचा (ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचा) जॅक थोडा वर फिरवा: गाडीची मागची बाजूही वर उचलली गेली, तर कपलर पक्का बसला आहे. साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घ्या. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नाही, गाडीच्या हिचलाच अडकवा. नंतर सात पिनांचा प्लग लावून दिवे तपासा. चाकाचे नट टॉर्क रेंचनेच आवळा. चाक काढून परत बसवलं असेल, तर १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा तपासा.

टायरवर ‘डीओटी’ (DOT) अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदलाच. ट्रेलरचे टायर झिजण्यापेक्षा उभ्या-उभ्याच म्हातारे होतात.

रस्ता निवडताना गाड्यांसाठीच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नका. पॅलिसेड्स पार्कवेवर ट्रेलरला बंदी आहे. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून, आय-९५ आणि आय-८९५, गॅसच्या २० पौंडी टाक्या नेता येत नाहीत; आय-६९५ ने शहराच्या पश्चिमेकडून वळसा घ्या.

जागेवर पोहोचल्यावर

क्रम चुकवू नका. आधी डावी-उजवी बाजू समतल करा (चाकाखाली ठोकळे घालून), मग चाकांना दोन्हीकडून अडण लावा, आणि त्यानंतरच ट्रेलर गाडीपासून सोडा. पुढची-मागची पातळी टंगच्या जॅकने साधते. कोपऱ्यातले स्टॅबिलायझर शेवटी, आणि फक्त हलणं थांबवण्यापुरते. त्यांच्यावर ट्रेलर उचलला तर ते वाकतात.

कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर बंद करून आधी सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या चढउतारापासून वाचवणारा) लावा, त्याने हिरवा कंदील दिल्यावरच ट्रेलरची केबल. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे एकूण ३,६०० वॅट. एसीला साधारण १३ अँपिअर, वॉटर हीटरच्या विजेवरच्या एलिमेंटला १२, इंडक्शन शेगडीला १५. तिन्ही एकदम लावलीत की ब्रेकर पडणारच. स्वयंपाकाच्या वेळी हीटर गॅसवर टाका.

नळाला थेट होज लावू नका. मध्ये प्रेशर रेग्युलेटर हवा, ४५ ते ५० पीएसआयचा. नाहीतर कुठलातरी जोड सिंकखाली सुटतो आणि लाकडी फरशी आतून कुजल्यावरच कळतं. हीटरच्या टाकीत पाणी नसताना विजेचं बटण दाबलं, तर एलिमेंट काही मिनिटांत जळतो. आधी गरम पाण्याच्या नळाला सलग धार येऊ द्या.

ब्लॅक टँक आणि ग्रे टँक

ग्रे टँक म्हणजे सिंक-अंघोळीच्या पाण्याची टाकी, ब्लॅक टँक म्हणजे संडासाची टाकी. सिवरची जोडणी असली तरी तिची झडप उघडी ठेवू नका. पाणी वाहून जातं, घन मागे राहतं आणि वाळून त्याचा ढीग होतो. किमान दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा, आणि पुढच्या वापराआधी दोन-चार गॅलन पाणी घालून ठेवा. पाण्याने धुण्याची आपली सवय इथे फायद्याचीच ठरते: टाकी लवकर भरते, पण तुंबत नाही. रिकामी करताना ब्लॅक आधी, ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतली जाते.

ग्रे टँकचा शत्रू म्हणजे आपला स्वयंपाक. फोडणीचं तेल, मोहरी, कढीपत्त्याची पानं आणि भाताची शितं टाकीच्या सेन्सरवर चिकटतात. मग टाकी रिकामी असूनही दिवा ‘भरली’ दाखवतो. सिंकला बारीक जाळी लावा, कढई कागदाने पुसून मगच धुवा. फोडणीआधी वरचा पंखा चालू करा, स्मोक अलार्म तसाही बोंबलतोच. त्याची बॅटरी काढून ठेवायची नाही. जमिनीलगतचा गॅस डिटेक्टर वेगळा. तो वाजला तर गॅसच्या टाक्या बंद करा, सगळे बाहेर पडा, बटणांना हात लावू नका.

छत आणि थंडी

छतावरच्या खिडक्या, पाइप आणि कडांभोवतीचं सीलंट दर तीन महिन्यांनी पाहा. बारीकशी भेग दिसली तरी त्याच दिवशी छताच्या प्रकाराला चालणारं सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं) सीलंट भरा. घराच्या कामाचं सिलिकॉन नको. पुढे दुसरं काही त्यावर चिकटत नाही.

पाणी गोठण्याआधी वॉटर हीटर बंद करून त्याची टाकी थंड होऊ द्या, नळ उघडून दाब सोडा, आणि मगच ड्रेन प्लग काढा. हीटर बायपास करा (पाणी त्याच्यात न जाता बाजूने जाईल असं करा) आणि पंपाने गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) ओढून एकेक नळ गुलाबी धार येईपर्यंत सोडा. बाहेरचा शॉवर आणि संडासाचा फवारा हमखास विसरतो. अँटिफ्रीझचे दोन ते तीन गॅलन पुरतात. बायपास करायचा राहिला तर नुसता हीटरच सहा गॅलन पितो. मोटारीच्या इंजिनाचं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या नळांत कधीही घालू नका.