तरुणवयातील कंपवात

वयाच्या पन्नाशीआधी सुरू होणारा पार्किन्सन विकार. मध्यमेंदूतील डोपामिन (हालचालींवर नियंत्रण ठेवणारे रसायन) निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट झाल्याने तो उद्भवतो. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये पार्किन्सन विकाराचे वर्णन केले. ‘कंपवात’ हे नाव मात्र या वयात काहीसे फसवे ठरते, कारण कंपाच्या आधी पायाची बोटे आत वळणे, अक्षर बारीक होत जाणे किंवा एकच खांदा आखडणे ही लक्षणे दिसू शकतात आणि आखडलेल्या खांद्यावर कित्येक महिने हाडांचेच उपचार होत राहतात. काही रुग्णांत कारण आनुवंशिक असते. १९९८ मध्ये शोधलेल्या ‘पार्किन’ जनुकाच्या सदोष प्रती आई व वडील दोघांकडून आल्यास हा विकार होतो. म्हणून नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते.

लेव्होडोपा हे प्रमुख औषध होय. तरुण रुग्णांना त्याचा गुण चांगला येतो, परंतु काही वर्षांनी गोळीचा असर लवकर उतरू लागतो आणि अंगाच्या अनैच्छिक हालचालीही वयस्कर रुग्णांपेक्षा लवकर सुरू होतात. त्यामुळे दिवसाची आखणी गोळीच्या वेळांभोवती करावी लागते. प्रथिने या औषधाच्या शोषणात अडथळा आणू शकतात. ज्यांना हा त्रास जाणवतो, त्या नागपूरकराला सकाळचे हरभऱ्याच्या तर्रीचे पोहे गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने खाणे सोयीचे पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा घामाने शरीरातील पाणी कमी होते. औषधांनी मुळातच उतरलेला रक्तदाब आणखी खाली येऊन उठताना भोवळ येते. तरीही गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे असते, कारण त्या एकाएकी थांबल्यास तीव्र ताठरपणा व ताप येऊ शकतो. डोपामिनची नक्कल करणाऱ्या औषधांनी काहींना जुगाराची वा अनावर खरेदीची ओढ लागते. घरचे हा स्वभावदोष समजतात, आणि डॉक्टरांनी आधी कल्पना दिलेली नसेल तर त्यांचा तरी काय दोष?

हा विकार ऐन कमावत्या वयात गाठतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत पार्किन्सनचा समावेश असून बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. गोळीचा असर असताना तपासणी झाली, तर रुग्ण जवळजवळ धडधाकट दिसतो, ही त्यातील अडचण. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते. पण हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातील दुकानात किंवा एखाद्या खासगी कचेरीत काम करणाऱ्याला त्याचा आधार नसल्याने तो थरथरता हात खिशात ठेवून आजार लपवणे पसंत करतो.