१८० बाय ५० मिलिमीटरची जागा

कंपनी-फिटेड म्युझिक सिस्टीमचा आवाज सुधारायचा असेल, तर आजचा जाणता फिटर सहसा स्क्रीनला हात लावत नाही. आधी तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी सीटखालची जागा बघतो. पूर्वी काम सुरू व्हायचं ते नेमकं डॅशबोर्डपासून.

शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली ‘मोटोरोला’ कार रेडिओ आणला, तेव्हा त्याची किंमत ११० डॉलरच्या घरात होती आणि नवी गाडी साधारण ६५० डॉलरला मिळायची. तो बसवणं म्हणजे डॅशबोर्ड खोला, छताच्या अस्तरातून अँटेना फिरवा, वेगळ्या बॅटऱ्यांसाठी तळ कापा. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने काढलेला रेडिओ तर जवळपास १५ किलोचा होता. पुढे ट्रान्झिस्टरमुळे डबा लहान झाला.

पण या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एक साधं माप. जर्मनीच्या मानक संस्थेच्या, म्हणजे डीआयएनच्या मानकाने डॅशबोर्डमधल्या रेडिओच्या चौकटीसाठी १८० बाय ५० मिलिमीटर ठरवले आणि १९८४ मध्ये ते आयएसओ ७७३६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रूपात जगाने स्वीकारलं. त्यामुळे कुणाचाही डेक कुणाच्याही गाडीत बसू लागला. त्याच वर्षी पायोनियरने कारसाठी सीडी प्लेअर आणला. आपल्याकडे मारुती ८०० सारख्या गाड्यांत टेप बाहेरूनच बसवून घ्यायची रीत होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन डेक निवडायचा, पार्सल ट्रेवर अंडाकृती स्पीकर लावायचे. गाडी कंपनीची, आवाज मात्र मालकाच्या पसंतीचा!

दुसरा प्रवाहही तेव्हाच सुरू झाला होता. जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मॉडेलांसाठी अमर बोस यांच्या कंपनीने त्या त्या गाडीच्या आतल्या जागेप्रमाणे जुळवलेली सिस्टीम दिली. ऐकायला ती उत्तम, पण गाडीशी बांधलेली. १९८६ मध्ये बॉशने कॅन बस, म्हणजे गाडीतल्या वेगवेगळ्या यंत्रणांना एकमेकांशी बोलू देणारी सामाईक तारांची जोडणी मांडली. पुढे स्टिअरिंगवरची बटणं, रिव्हर्स कॅमेरा, कधी एसीसुद्धा अशा जोडणीतून डॅशबोर्डवरच्या एकाच स्क्रीनशी जोडले गेले आणि ती मोकळी चौकट संपली.

म्हणून आताचं काम स्क्रीनच्या मागून चालतं. बहुतेक हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या मुख्य म्युझिक युनिटवर, ‘५० वॉट × ४’ लिहिलेलं असलं, तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते जेमतेम २० वॉट. शिवाय छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून अनेक कंपन्या आवाज वाढवला की बास आपोआप कमी करतात. असा कापलेला सिग्नल नुसत्या अ‍ॅम्प्लिफायरने मोठा होतो, सुधारत नाही. त्यासाठी डीएसपी, म्हणजे आवाजाच्या सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारा प्रोसेसर लागतो. तो स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेतो, त्यातली काटछाट शक्य तितकी भरून काढतो आणि मगच अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो. हे सारं कपलर-टू-कपलर, म्हणजे तारा न कापता कंपनीच्याच जोडण्यांमध्ये प्लग बसवून करून घ्यावं. मूळ वायरिंग कापली की वॉरंटीचा वाद ओढवतो, आणि गाडी विकताना जुनी सिस्टीम परत जोडणंही कठीण होतं.